लहान छेदाचा प्रश्न

मोतीबिंदू काढलेला मनुष्य डोळ्यावरची पट्टी सुटतांच समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेचे आंकडे वाचून दाखवितो आणि आपला निर्णय चुकला नाहीं याची साक्ष स्वतःच देतो. काचबिंदूच्या रोग्यास हें भाग्य नाहीं. त्याच्या डोळ्यांतील पाण्याचा निचरा मंदावतो, बहुधा दाब वाढतो, आणि दृष्टीच्या मज्जातंतूंतले दहाबारा लक्ष धागे हळूहळू मरूं लागतात. तरी या रोगाच्या नेहमींच्या संथ प्रकारांत दुखत कांहींच नाहीं. कडेची दृष्टि नकळत जाते व गेलेली परत येत नाहीं. शस्त्रक्रियेनें साधावयाचें तें इतकेंच, कीं जें उरलें आहे तें टिकावें. दहा वर्षांनींही त्याला दिसत राहिलें, तर तें शस्त्रामुळें, कीं शस्त्रावांचूनही दिसलेंच असतें, हें त्याला कधींच कळावयाचें नाहीं. ज्या उपकाराची प्रचीति उपकृतालाच येत नाहीं, त्याच्यासाठीं संमति मागावयाची ती कशाच्या आधारावर?

जुन्या काळीं या प्रश्नाला भयानेंच उत्तर दिलें होतें. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयांतील रॉबर्ट हेन्री एलियट यांनीं १९०९ च्या सुमारास बुबुळाच्या कडेला बारीक गोल भोंक पाडून पाण्यास नवी वाट करून देण्याची रीत रूढ केली. पुढें १९६८ सालीं केंब्रिजच्या केर्न्स यांनीं तीच कल्पना सुधारून जी शस्त्रक्रिया सांगितली, ती आजही केली जाते. दाब उतरविण्यांत ती समर्थ खरी. पण कधीं पाणी फाजील वाहून डोळा मऊ पडतो, कधीं केलेली वाट बुजते, कधीं वर्षांनंतरही तींतून जंतु आंत शिरतात. म्हणून औषधाचे थेंब हरल्यावांचून सहसा कोणी तिच्या वाटेस जात नसे.

गेल्या पंधरावीस वर्षांत हें चित्र पालटलें. टोरांटोचे नेत्रवैद्य इक्बाल अहमद यांनीं ज्या शस्त्रक्रियांना ‘अत्यल्प छेदाच्या’ असें नांव दिलें, त्यांचा एक पंथच निर्माण झाला आहे. २०१२ सालीं अमेरिकेच्या सरकारी खात्यानें मान्यता दिलेली टायटेनियमची नळी अवघी एक मिलिमीटर लांबीची आहे. मोतीबिंदूसाठीं केलेल्या छेदांतूनच ती आंत नेऊन डोळ्याच्या नैसर्गिक मोरींत बसवितां येते. काम मिनिटांचें, उपद्रव थोडा. दाबही मात्र जुन्या शस्त्रक्रियेइतका उतरत नाहीं. यास्तव सौम्य वा मध्यम रोगासाठींच ती मुख्यतः सुचविली जाते. आम्ही या लाभास तुच्छ लेखीत नाहीं. थरथरत्या हातानें रोज न चुकतां थेंब घालणाऱ्या, आणि त्यांतले निम्मे गालावरून ओघळूं देणाऱ्या, म्हाताऱ्या माणसाचे कष्ट ज्यानें घरांत पाहिले आहेत, त्याला एक बाटली कमी होण्याचेंही मोल कळेल.

आमचा आक्षेप निराळा आहे. छेद लहान झाला तसा विचारही लहान होऊं लागला. ‘मोतीबिंदू काढतोंच आहों, तर एवढीशी नळीही बसवूं,’ या वाक्याला रोगी मान डोलावतो. त्या मान डोलावण्यास संमति म्हणावें काय?

सायपास नांवाच्या, सुमारे सहा मिलिमीटर लांबीच्या नळीचा इतिहास येथें पाहण्याजोगा आहे. ५०५ रोग्यांवर तिची परीक्षा झाली. दोन वर्षांनंतर, मोतीबिंदू काढून नळीही बसविलेल्यांपैकीं शेंकडा ७७ जणांचा दाब औषधावांचून एकपंचमांशानें तरी उतरला होता. नुसता मोतीबिंदू काढलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ६० होतें. म्हणजे शंभरांत सतरांस नळीचा गुण आला. पण ते सतरा कोण, हें त्या सतरांनाही ठाऊक नव्हतें. २०१६ सालीं तिला अमेरिकेंत मान्यता मिळाली. सुदैवानें मोजणी तेथें थांबली नव्हती. पांच वर्षें भरलीं तेव्हां असें आढळलें, कीं डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाला निर्मळ राखणाऱ्या आंतल्या थराच्या पेशी, ज्या एकदां गेल्या कीं पुन्हा उपजत नाहींत, त्या नळीवाल्यांत सुमारें पांचवा हिस्सा गेल्या होत्या, नुसता मोतीबिंदू काढलेल्यांत दहावा. २०१८ च्या ऑगस्टमध्यें कंपनीनें ती नळी जगभरांतून परत घेतली.

यावर कोणी म्हणेल, पांच वर्षें पुराव्याची वाट पाहत बसलें, तर मधल्या काळांत कित्येकांची दृष्टि जाईल, तिचें काय? हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु तो ज्याच्या नांवानें केला जातो त्याला लागू पडत नाहीं. ज्याची दृष्टि झपाट्यानें ढळत आहे त्याच्यासाठीं जुनी, कठोर पण परिचित शस्त्रक्रिया आहेच. नवी नळी आहे ती सौम्य रोगाच्या मनुष्यासाठीं. म्हणजे नेमक्या त्याच्यासाठीं, ज्याला थांबण्यास अवकाश आहे. तातडीचें कारण एकाचें आणि नवलाईची जोखीम दुसऱ्याची, हा व्यवहार आम्हांस सरळ वाटत नाहीं. जखम लहान म्हणून पुरावाही थोडा चालेल, हें तर उलटेंच झालें. लाभ लहान असेल तर त्याला गिळून टाकण्यास लहानशी हानिही पुरते, आणि अशी हानि मोजावयास वर्षें लागतात.

ज्यांच्या डोळ्यांत सायपास आधींच बसली होती, त्यांच्याविषयीं नेत्रवैद्यांच्या मंडळानें सल्ला दिला, कीं तिच्या टोंकाकडील तीन कड्यांपैकीं किती कडीं आंत डोकावतात तें भिंगानें पाहावें. एकाहून अधिक दिसल्यास पटलाच्या पेशी वरचेवर मोजीत राहाव्या. घट वाढत असल्यास टोंक छाटण्याचा विचार करावा. ही घट, मूळ रोगाप्रमाणेंच, आरंभीं रोग्यास जाणवत नाहीं. तेव्हां ज्याला चांगलें दिसत आहे असा मनुष्य बोलावणें येतांच पुन्हा त्याच खुर्चीवर बसतो, हनुवटी यंत्रावर टेकतो, आणि मोजणी काय निघते तें सांगितलें जाईपर्यंत थांबतो.