अश्रुत पार्श्वध्वनी आणि गोंगाटाचा निवाडा

‘नाद’, ‘निनाद’, ‘गुंजारव’ हे एक शब्दकुळ. ‘गोंगाट’, ‘कलकलाट’, ‘गलका’ हे दुसरे. ही कुळे ध्वनींच्या दोन जाती सांगतात असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः ती ऐकणाऱ्याचा निवाडा सांगतात. ‘गोंगाट’ म्हणताच ध्वनीचे वर्णन संपते आणि त्याच्याविरुद्धची तक्रार सुरू होते. परंतु या दोहोंत न बसणारा तिसराही एक वर्ग आहे: इमारतीला सतत व्यापून असणारा आणि म्हणूनच ऐकू न येणारा ध्वनी. पाण्याचा पंप, पंखा, लिफ्ट, वीजरोहित्राची १०० हर्ट्झची गुणगुण हे सारे त्यात मोडते. निवाड्यापूर्वीच निसटणाऱ्या अशा ध्वनीविषयी श्रोत्याची काही नैतिक जबाबदारी संभवते काय?

लायब्निझच्या मानवी आकलनविषयक ग्रंथाच्या (लेखन १७०४, प्रकाशन १७६५) प्रस्तावनेत गिरणी आणि धबधबा ही उदाहरणे येतात. त्यांच्याजवळ काही काळ राहिलेल्यास ती जाणवेनाशी होतात. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात या दोहोंची प्रतिरूपे आढळतात: राजाराम साखर कारखाना आणि पंचगंगेवरील राजाराम बंधारा. गळीत हंगामात कारखाना अहोरात्र चालतो. पुरात बंधारा पाण्याखाली जातो. हंगाम संपतो किंवा बंधारा बुडतो, तेव्हा घडणारा पालटच आधीच्या ध्वनीची साक्ष देतो. लायब्निझ अशा अनवधानातही सूक्ष्म संवेदन मानतो. नैयायिक मात्र मन अणुपरिमाण असल्याने त्याचा संयोग झाल्याविना ज्ञानच संभवत नाही, असे म्हणतात. मतभेद मूलगामी आहे. तरीही न ऐकू येणे हा ध्वनीचा गुणधर्म नव्हे, हे दोहोंतून निष्पन्न होते.

आनंदवर्धनाने वैयाकरणांची ‘ध्वनी’ ही संज्ञा काव्यार्थासाठी योजिली. त्या अर्थाच्या प्रतीतीसाठी सहृदय लागतो. पार्श्वध्वनीमागे कवी नसतो, सांगण्याचा हेतूही नसतो. तेवढ्याने तो निरर्थक ठरत नाही. यंत्राजवळच्या कामगाराला घरघरीतील किंचित फरक बिघाडाची सूचना देतो. दूरच्या खिडकीतल्या श्रोत्याला तीच घरघर गोंगाट वाटते, अथवा ऐकूच येत नाही.

यावरून गोंगाट निव्वळ सापेक्ष आहे असे ठरवणे घाईचे होईल. जाणीव सरावली तरी झोपेतील शरीर आवाजाला प्रतिसाद देतच राहते. म्हणूनच २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. तक्रार करण्याचे बळ नसलेल्यालाही हा आकडा आधार देतो. मात्र तो ध्वनीची तीव्रता मोजतो. त्या ध्वनीमागे कोणाचे श्रम आहेत आणि तो कोणाला टाळता येत नाही, हे मोजत नाही.

स्वतःच्या सुखसोयीचा ध्वनी सवयीने अश्रुत होतो आणि परक्याच्या व्यवहाराचा ध्वनी चटकन गोंगाट ठरतो. पंपाचा लाभ वरच्या मजल्यावर मिळतो. त्याची घरघर मात्र तळमजल्यावरच्या रखवालदाराच्या उशाशी असते. तेव्हा जबाबदारी प्रत्येक ध्वनी सहन करण्याची नव्हे. गोंगाटाचा निवाडा देण्यापूर्वी, जे ऐकू येत नाही ते कोणाला ऐकावे लागते, याचा शोध घेण्याची ती आहे.