सर्वांना ठाऊक असलेला खून

नसरापूरच्या उत्तरेस, पायी चालणाऱ्याला अर्ध्या दिवसात सहज गाठता येईल एवढ्या अंतरावर, रांझे हे गाव आहे. आणि शिवाजीराजांच्या उपलब्ध पत्रांत अगदी आरंभीच्या पत्रांमध्ये ज्याची गणना होते, तो २८ जानेवारी १६४६ चा कागद ह्याच मौजे रांझ्याच्या पाटलासंबंधी आहे. बाबाजी भिकाजी गुजर हा पाटील. त्याच्या हातून बदअमल घडल्याची खबर हुजूर पोचली, त्याला आणवून चौकशी झाली, आरोप खरा ठरला, तेव्हा त्याचे हातपाय तोडून वतन अमानत करण्यात आले, आणि पुढे त्याच्या गोतातील सोनाजी बनाजी गुजर ह्याने त्याचा सांभाळ पत्करल्यावर पाटीलकी सोनाजीकडे गेली. शिक्षेची ती रीत आज कोणी मागणार नाही. परंतु वतनदाराच्या अपराधाचीही तहकीकात होते आणि तिचा लेखी निकाल लागतो, ही गोष्ट ह्या मावळपट्टीने पावणेचारशे वर्षे अभिमानाने स्मरणात ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र न्याय कोणी केला, अपराधी कोण, वतन कोणाकडे गेले, हे सारे सांगणाऱ्या त्या कागदात, ज्या स्त्रीवर अन्याय झाल्याचे परंपरा सांगते, तिचे नाव नाही.

अपराधाच्या दप्तरांचा हा स्वभाव फार जुना आहे, आणि जुन्या खुनांची दप्तरे पुन्हा उघडणारे जे माहितीपट व ज्या मालिका हल्ली घरोघरी, महामार्गावरच्या चहाच्या टपरीत आणि भोरकडे निघालेल्या एसटीतसुद्धा मोबाइलवर पाहिल्या जातात, त्यांनीही तो बहुतांशी जसाच्या तसा उचलला आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ ह्या काळात स्त्रियांच्या आणि कोवळ्या मुलींच्या खुनांची जी मालिका घडली, तिच्यावर २०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ आली, आणि तपास करणारे रमाकांत कुलकर्णी ह्यांचे नाव नव्या पिढीला ठाऊक झाले. त्या अधिकाऱ्याचे कर्तृत्व थोर होते ह्यात शंका नाही. पण त्या मुलींपैकी एकीचे तरी नाव मालिका पाहणाऱ्या कोणाला विचारावे, आणि उत्तर येते का ते पाहावे.

मानवतच्या प्रकरणात निदान रहस्य तरी होते. खुनी कोण, हे गावाला ठाऊक नव्हते, आणि म्हणून शोधकथेचा साचा त्या घटनेला लागू पडत होता. माझ्या मनातील प्रश्न निराळ्याच जातीच्या खुनांविषयी आहे: जे दिवसाढवळ्या घडतात, ज्यांविषयी पंचक्रोशीत दुमत नसते, आणि तरीही जे न्यायालयाच्या दृष्टीने कोणीच केलेले नसतात.

२८ एप्रिल २०१४ रोजी नगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे, नितीन आगे हा सतरा वर्षांचा दलित विद्यार्थी मारला गेला. वरिष्ठ म्हणवणाऱ्या जातीतील एका मुलीशी तो बोलतो, असा संशय हे त्याच्या मरणाचे कारण असल्याचे फिर्यादीचे म्हणणे होते. शाळेतून त्याला मारीत नेण्यात आले, आणि त्याचा देह झाडाला लटकलेला सापडला. त्याचा बाप दगड फोडून पोट भरणारा. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नागराज मंजुळे ह्यांचा ‘फँड्री’ चित्रपटगृहांत लागला होता, आणि अशाच एका मुलाची ओढ व तिची विटंबना पाहून सारा महाराष्ट्र हळहळला होता. खटला नगरच्या सत्र न्यायालयात चालला, २६ साक्षीदार तपासले गेले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक फितूर झाले, आणि २३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्व आरोपी निर्दोष सुटले. न्यायाधीशापुढे जो पुरावा आला त्यावरच न्यायाधीशाने निकाल द्यावयाचा असतो, म्हणून निर्दोष सुटलेल्यांना निर्दोषच मानले पाहिजे, हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण मग एक मुलगा गजबजलेल्या ठिकाणाहून नेला गेला, मेला, आणि त्याला कोणीच मारले नाही, हे विधानही त्याच दप्तरात उरते. आणि त्या विधानाखाली महाराष्ट्राची सही आहे.

साक्षीदार फितूर होतो म्हणजे नेमके काय होते, हे सामान्य वाचकाला क्वचितच कोणी समजावून सांगते. पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर साक्षीदाराची सही घेण्यास कायद्यानेच मनाई आहे. तो जबाब स्वतंत्र पुरावा म्हणून ग्राह्य नसतो, आणि न्यायालयात साक्षीदार निराळे बोलला तर केवळ ती विसंगती दाखवण्यापुरता त्याचा उपयोग होतो. इंग्रजी अमदानीत ठाण्यातल्या मारहाणीने जबान्या वदवल्या जात, तिच्यापासून रयतेचे रक्षण व्हावे म्हणून ही तरतूद झाली आणि ती रास्त होती. मात्र तिचा परिणाम असा, की घटना आणि साक्ष ह्यांच्यामध्ये जी दोन-तीन वर्षे जातात, ती साक्षीदाराला एकट्याने, कागदाच्या आधाराविना, आपल्या गावात काढावी लागतात. शपथेवर दंडाधिकाऱ्यापुढे जबाब नोंदवण्याची सोय कायद्यात आहे खरी. परंतु ती किती साक्षीदारांच्या बाबतीत वापरायची, हे तपासी अंमलदाराच्या मर्जीवर राहते.

आणि गाव म्हणजे काय, हे आम्हा भोर-वेल्ह्याकडच्या माणसांना सांगावे लागत नाही. बांधाला बांध लागलेला, दुधाचे संकलन एकाच केंद्रावर, पीककर्जाची सोसायटी एकच, मुलीच्या लग्नात पंक्तीला उभे राहणारे हात त्याच चार घरांचे. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच विहिरीवरून उद्या पाणी आणायचे असते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन आपण शहाणपण म्हणून पोरांना शिकवतो. पण भूमिहीनाच्या मुलाचा खून झालेला असतो तेव्हा त्या शहाणपणाचा सारा लाभ कोणाच्या पदरात पडतो, ह्याचा हिशेब आपण मांडत नाही. फितूर साक्षीदाराला भेकड म्हणणे सोपे आहे, आणि मला ते अन्यायाचे वाटते. ज्या समाजाने त्याला संरक्षण दिले नाही त्या समाजाने त्याच्याकडून शौर्याची अपेक्षा करू नये.

येथे अमेरिकेतील एका खटल्याचे स्मरण अपरिहार्य होते. ते दूरचे म्हणून कोणी बाजूस सारू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांनाच, म्हणजे ही तुलना आपल्या घरात दीडशे वर्षे नांदते आहे. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल हा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा, एका गोऱ्या स्त्रीशी आगाऊपणा केल्याच्या आरोपावरून, घरातून उचलून नेऊन मारण्यात आला. त्याची आई मेमी टिल हिने शिकागोत अंत्यविधीच्या वेळी शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला, कारण मुलाचे जे केले गेले ते जगाने पाहावे अशी तिची इच्छा होती. खटल्यात मोझ राइट ह्या वृद्ध कृष्णवर्णीय शेतमजुराने, ज्याच्या घरातून मुलाला नेले होते, भर न्यायालयात उभे राहून दोन्ही गोऱ्या आरोपींकडे बोट दाखवले. केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने तासाभराच्या विचारविनिमयानंतर आरोपींना सोडले; काही महिन्यांतच त्या दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली छापू दिली, कारण एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. मोझ राइटला मात्र घरदार सोडून शिकागोला जावे लागले. साक्ष टिकली, साक्षीदाराला गाव उरले नाही.

कीथ बोशाँ ह्या दिग्दर्शकाने वर्षानुवर्षे खपून, जिवंत उरलेल्या साक्षीदारांना शोधून, ह्या प्रकरणावर जो माहितीपट केला, त्याच्या निमित्ताने २००४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने दप्तर पुन्हा उघडले. २००७ मध्ये ग्रँड ज्युरीने कोणावरही आरोप ठेवण्यास नकार दिला. तथापि २००८ मध्ये, नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळातील अनिर्णीत खुनांचा पुन्हा तपास करण्यासाठी, एमेट टिलच्याच नावाने कायदा झाला. १९७९ ते १९८१ ह्या काळात अटलांटा शहरात जी कृष्णवर्णीय मुले नाहीशी होऊन मेलेली सापडली, त्यांच्याविषयीच्या २०२० च्या माहितीपटातही खुनी कोण ह्या प्रश्नापेक्षा मातांचे ऐकून घेण्यास पोलिसांना एवढा विलंब का लागला, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटला. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील निठारी येथे मारल्या गेलेल्या कोवळ्या जिवांच्या बाबतीत तोच प्रश्न २००६ पासून तसाच उभा आहे: स्थलांतरित मजुरांची मुले हरवल्याच्या तक्रारी ठाण्याने कशा हाताळल्या? २०२३ मध्ये आणि त्यानंतर आरोपींच्या सुटका होत गेल्या, आणि आता तर त्या मुलांना मारणारा कायद्याच्या दृष्टीने अज्ञातच आहे.

म्हणून खर्ड्यासारख्या प्रकरणावर माहितीपट करणाऱ्याने खुनी शोधण्याचा मोह कटाक्षाने टाळावा असे माझे मत आहे. सुटलेल्या माणसाला पडद्यावर पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार कोणत्याही कलावंताला नाही. आणि पार्श्वसंगीताच्या तालावर एका मुलाचे शेवटचे क्षण पुन्हा रचून दाखवणे हे तर त्या आईबापांच्या दुःखावर केलेले अतिक्रमण आहे. माहितीपटकाराने जबाब आणि साक्ष ह्यांच्यामधली ती वर्षे शोधावी. साक्षीदाराकडे कोण येऊन गेले, त्याचे काम कधी सुटले, त्याला संरक्षण मागण्याचा अर्ज कोणी भरून दिला का, दिला असल्यास तो कोणत्या टेबलावर किती महिने पडून राहिला. ह्या शोधात थरार नाही, पण तो हाती येतो तेव्हा कोणाही व्यक्तीची बदनामी न करता व्यवस्थेचा पुरावा रुजू होतो.

सुदैवाने कायद्याने ह्या कामी एक साधन देऊन ठेवले आहे. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिने पीडितांचे व साक्षीदारांचे हक्क सांगणारे कलम १५अ घातले, आणि त्याच्या दहाव्या पोटकलमाने अशा खटल्यांच्या सर्व कामकाजाचे दृश्यचित्रण करण्याचा आदेश दिला. २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेवर शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्राने त्याआधीच, २०१७ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. नितीनचा खून २०१५ च्या दुरुस्तीपूर्वीचा. त्यानंतरच्या खटल्यांची चित्रफीत मात्र जिल्ह्याजिल्ह्याच्या न्यायालयांत तयार होत असली पाहिजे. अंतिम निकाल लागून अपिलांची मुदत सरल्यावर, पीडित कुटुंबाची संमती घेऊन आणि साक्षीदारांच्या सुरक्षिततेची हमी देऊन, ती अभ्यासकांना व माहितीपटकारांना पाहता यावी असा नियम उच्च न्यायालयाने करावा. तो होईपर्यंत, ज्या जिल्हा न्यायालयांत हे चित्रण होत नसेल तेथे ते का होत नाही, एवढे विचारणारा अर्ज कोणत्याही वकिलाला, भोरच्या वकिलालाही, करता येण्यासारखा आहे.