जन्माने येते ते पाप की सवय?

आमच्या परिचयाचे एक पाळकसाहेब आहेत. वृत्तीने सज्जन, वादात कधी आवाज न चढवणारे. एकदा बोलता बोलता त्यांनी विचारले, "माणूस जन्मतः पापी नाही असे तुम्ही बौद्ध लोक म्हणता. मग जगात एवढे पाप आले कोठून?" त्या वेळी आम्ही लोभ, द्वेष आणि मोह ही तीन अकुशल मुळे सांगून मोकळे झालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण प्रश्न मनातून गेला नाही. कारण लोभ, द्वेष, मोह तरी मुलाच्या मनात पहिल्यांदा शिरतात कसे, हे त्या उत्तरात येत नाही.

'जन्मतः पापी' हे शब्द ऐकताच आपल्या समाजातला माणूस चमकतो, आणि ते स्वाभाविक आहे. जन्मावरून माणसाला कलंकित ठरवण्याचा व्यवहार त्याने पिढ्यान्‌पिढ्या सोसलेला आहे. परंतु दुसऱ्या धर्माचा सिद्धान्त खोडून काढण्यापूर्वी तो नीट समजून घेतला पाहिजे.

आदाम आणि हव्वा यांची कथा उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. बऱ्यावाईटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे फळ देवाची मनाई असता त्यांनी खाल्ले, आणि त्यांना बागेतून घालवून देण्यात आले. गंमत अशी की त्या अध्यायात 'पाप' हा शब्दच नाही. तो पुढच्या अध्यायात, काइन भावावर डूख धरतो तेथे येतो. यहुदी लोक हीच कथा वाचतात, पण त्यांनी तीतून जन्मजात अपराधाचा सिद्धान्त काढला नाही. उलट बापाच्या अपराधासाठी मुलाला दंड होणार नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात स्पष्ट बजावले आहे.

सिद्धान्ताला आज आपल्याला माहीत असलेले कडक रूप दिले ते संत ऑगस्टीन याने. हा उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप, जन्म इ. स. ३५४, मृत्यू ४३०. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे बारावे वचन त्याने लॅटिन भाषांतरातून वाचले. 'सर्वांनी पाप केले म्हणून' असा मूळ ग्रीकचा सरळ अर्थ. लॅटिनमध्ये तो 'ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केले' असा झाला, म्हणजे आदामाच्या ठायी आपण सारेच अपराधी ठरलो. एका भाषांतरावर सगळा सिद्धान्त उभा आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ऑगस्टीनने माणसाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले होते. आईच्या अंगावर दुसरे मूल पीत असलेले पाहून मत्सराने पांढरे पडलेले, अजून बोलताही न येणारे तान्हे मूल त्याने पाहिले आणि आपल्या आत्मकथनात नोंदवले. सोळाव्या वर्षी सोबत्यांबरोबर रात्री नासपतीच्या झाडावर घातलेला दरोडाही त्याने लिहून ठेवला. फळे फारशी चांगली नव्हती, भूक नव्हती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. मग चोरी का केली? तो स्वतःच म्हणतो की एकटा असतो तर केली नसती. हे त्याचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

त्याच्या विरुद्ध उभा राहिला पेलाजियस, ब्रिटनहून रोमला आलेला साधुवृत्तीचा गृहस्थ. त्याचे म्हणणे असे की आदामाने आपल्याला वाईट उदाहरण घालून दिले, वाईट रक्त नव्हे. माणूस चांगले वागू शकतो म्हणूनच त्याला चांगले वाग असे सांगता येते. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने त्याचे मत धिक्कारले. पुढे ट्रेंटच्या परिषदेने १५४६ साली मूळ पाप वंशवृद्धीने उतरते, अनुकरणाने नव्हे, असा ठराव केला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथाने मात्र आदामाकडून मृत्यू आणि दुर्बलता आली, अपराध आला नाही, असेच मानले.

अपराध रक्तातून उतरतो असे म्हटले की पहिला बळी जातो तो बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या बालकाचा. ऑगस्टीनने त्याला दंड ठरवला, फक्त अगदी सौम्य. एक्लानमचा बिशप ज्युलियन याने तेव्हाच विचारले होते की हा कसला न्यायी देव? मध्ययुगातील पंडितांनी त्या बालकांसाठी नरकाच्या उंबरठ्यावर एक वेगळी जागा कल्पिली. अखेर २००७ साली कॅथलिक पंथाच्या धर्मशास्त्रविषयक आयोगाने अशी बालकेही तरतील अशी आशा बाळगण्यास आधार आहे असे जाहीर केले. आयांच्या सोळाशे वर्षांच्या रडण्यापुढे हे फार उशिरा आले, पण आले.

तरीही ऑगस्टीनच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. त्याच्या हिशेबात राजा, बिशप, गुलाम आणि तो स्वतः, सारे एकाच पंक्तीला बसतात. जन्माने पवित्र असा कोणीच नाही. आपल्या देशात एकाचा जन्म पुण्याचा आणि दुसऱ्याचा पापाचा ठरला, आणि त्याला पूर्वजन्मीच्या कर्माचा आधार दिला गेला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्या कर्मसिद्धान्तावर घाव घातला तो याच कारणाने. गोरगरिबांच्या दैन्याची जबाबदारी समाजाला त्यामुळे झटकता येते. ऑगस्टीनचा सिद्धान्त अन्यायकारक असेल, पण पंक्तिभेद करणारा नाही.

आता पाळकसाहेबांच्या प्रश्नाकडे वळू. आमच्या लहानपणी बाजाराच्या गावी एक चहाचे दुकान होते. आपल्या लोकांसाठी कान तुटलेल्या कपबश्या बाहेर कोनाड्यात ठेवलेल्या असत. पाणी मागितले की ओंजळीत वरून ओतत. एके दिवशी मालक नव्हता. गल्ल्याशेजारी त्याचा पाच वर्षांचा मुलगा खेळत होता. वडिलांनी पाणी मागितले. मुलाने तांब्या उचलला, चौरंगावर चढला आणि हात शक्य तेवढा उंच करून पाणी ओतले. अर्धे वडिलांच्या सदऱ्यावर सांडले. मुलगा हसत होता. त्याच्या चेहऱ्यावर द्वेषाचा मागमूस नव्हता. बहुधा त्याला कोणी बसवून शिकवलेही नसेल. वडील आमचा हात धरून निघाले आणि घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

त्या मुलाला पापी म्हणावे काय? चेतनेलाच कर्म म्हणावे असे तथागतांनी सांगितले, आणि त्या मुलाची तशी चेतना नव्हती. पण ते कृत्य निर्दोष होते असे म्हणायलाही आमची जीभ वळत नाही. ते त्याच्या निवडीच्या आधीच त्याच्यात येऊन बसले होते. ट्रेंटच्या ठरावातले दोन शब्द येथे कसोटीला लागतात: वंश की अनुकरण? उत्तर उघडच अनुकरण आहे. परंतु अनुकरण किती खोल जाते हे आपणही ओळखले पाहिजे. डेमेट्रियास नावाच्या रोमन घराण्यातील तरुणीला लिहिलेल्या पत्रात पेलाजियसनेच म्हटले आहे की लहानपणापासूनच्या वाईट सवयी पुढे स्वभावासारख्याच बळावतात. त्याने सवय पाहिली ती एकेका माणसाची. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत पाळक म्हणून काम केलेल्या वॉल्टर रॉशेनबुश याने १९१७ च्या आपल्या ग्रंथात पाप समाजाच्या रूढींतून आणि संस्थांतून पुढच्या पिढीकडे जाते हे मांडले. आणि ऑगस्टीनची ती नासपतीची चोरी? एकटा असतो तर केली नसती, हे त्याने स्वतःच सांगितले होते. मात्र निष्कर्ष काढताना तो सोबत्यांना सोडून आदामापर्यंत गेला.

पाप रक्तातून येत असते तर बाप्तिस्म्याचे पाणी पुरे झाले असते. तामिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतदेखील जातीची भिंत आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पुरलेल्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. आपणही हसू नये. दीक्षा घेऊन पोटजात विचारणारे आपल्यात नाहीत काय?

हे सारे आम्ही पाळकसाहेबांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. तिसरी पिढी आमची ख्रिस्तात. मुलाकडच्यांनी परवा फोनवर पहिलेच विचारले, तुम्ही मूळचे कोण?"