निर्यात, कर आणि ठेवीचा धर्म

राज्यसंस्थेला कर घेण्याचा अधिकार कोठून मिळतो, या प्रश्नाचे एक जुने उत्तर बौधायन धर्मसूत्रात आढळते: उत्पन्नाचा सहावा भाग हे राजाचे वेतन असून त्याबदल्यात त्याने प्रजेचे रक्षण करावयाचे असते. हे उत्तर प्रमाण मानले, तर भिवंडीच्या यंत्रमागावर विणलेले कापड न्हावाशेवा बंदरातून परदेशी ग्राहकाकडे जाताना करमुक्त का असावे, असा पेच उभा राहतो. कारण रस्ता, वीज, पोलीस आणि न्यायालय यांचा लाभ कारखानदाराने येथेच घेतलेला असतो.

हा पेच सोडवताना विक्रीकराचा भार नेमका कोणावर पडतो, हे पाहावे लागते. कर भरतो विक्रेता, परंतु सोसतो तो अंतिम उपभोक्ता; आणि परदेशातील उपभोक्ता येथील राज्याच्या रक्षणाखाली नसल्याने त्याच्याकडून वेतन मागण्यास नैतिक आधार उरत नाही. निर्यातीच्या ओघात होणाऱ्या विक्रीवर कर लावण्यास राज्यांना मनाई करणारा संविधानाचा अनुच्छेद 286 आणि 1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करातील निर्यातीचा ‘शून्य दर’ हे दोन्ही याच तत्त्वाशी जुळतात. शून्य दर म्हणजे केवळ करमाफी नव्हे. करमाफीत आधीच्या टप्प्यावरचा कर मालाच्या किमतीत अडकून राहतो, तर शून्य दरात तो परत मागता येतो. म्हणून 1 लाख रुपयांचे सुती सूत घेताना 5 टक्क्यांप्रमाणे भरलेले 5,000 रुपये, हमीपत्र (व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘एलयूटी’) देऊन कर न भरता कापड निर्यात करणाऱ्याला परताव्यात मिळू शकतात.

खरा धर्मप्रश्न या 5,000 रुपयांच्या मधल्या काळातील स्वरूपाचा आहे. मनुस्मृतीने व्यवहाराची, म्हणजे न्यायालयीन वादांची, जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणानंतर लगेच ‘निक्षेप’, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, येते; ठेव सांभाळणारा तिचा मालक होत नाही. जो कर तत्त्वतः राज्याचा नाहीच, तो परताव्यापर्यंत राज्याकडे असतो तो निक्षेप म्हणूनच. बनावट बिलांवर परतावे उचलले जात असल्यामुळे तपासणी आवश्यक ठरते, हे मान्यच करावे लागते; परंतु तपासणीची गरज विलंबाचे कारण सांगते, विषमतेचे नव्हे. हमीपत्रावर पाठवावयाचा माल बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत देशाबाहेर गेला नाही आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर निर्यातदाराला करासह 18 टक्के व्याज भरावे लागते. उलट परिपूर्ण अर्जानंतर 60 दिवसांत परतावा न दिल्यास सरकार सामान्यतः 6 टक्केच व्याज देते. ठेव ठेवणाऱ्याच्या चुकीला ठेव सांभाळणाऱ्याच्या चुकीच्या तिप्पट दंड लावणारा हा नियम कायदेशीर असला, तरी राजधर्माच्या कसोटीला तो उतरत नाही.