असहकार आणि कोंडी

नायजरमधील लष्करी उठावाला युरोपने दिलेल्या प्रतिसादाची मराठीत जी थोडीफार चर्चा होते, ती बहुधा ‘निर्बंधांनी साधले काय’ या एकाच प्रश्नापाशी थांबते. २६ जुलै २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना त्यांच्याच संरक्षक दलाने ताब्यात घेतले, त्या दलाचे प्रमुख अब्दुर्रहमान चियानी सत्तेवर बसले, वर्ष सरण्यापूर्वी फ्रान्सचे राजदूत आणि सैन्य माघारी गेले, पुढे रशियाचे लष्करी प्रशिक्षक आले. आणि या घटनाक्रमावरून निर्बंध फसले, म्हणजे ते मुळातच व्यर्थ होते, असा निकाल दिला जातो. हा निकाल व्यवहारी वाटला, तरी तो दोन भिन्न स्वरूपाच्या कृती एकाच तराजूत टाकतो.

त्यांपैकी पहिली कृती असहकाराची. युरोपीय संघाने नायजरच्या सरकारी तिजोरीत थेट जमा होणारे अर्थसाहाय्य आणि सुरक्षाविषयक सहकार्य थांबवले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उठावाला जबाबदार असलेल्या व्यक्तींची मालमत्ता गोठवण्याची व त्यांना प्रवेश नाकारण्याची कायदेशीर तरतूद केली. दुसरी कृती कोंडीची. ‘इकोवास’ या पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या समुदायाने सीमा बंद केल्या, व्यापार तोडला, आणि नायजर ज्याच्याकडून सुमारे ७० टक्के वीज घेत होता त्या नायजेरियाने वीजपुरवठा थांबवला. असहकारात देणारा आपला पैसा आणि आपली बँक काढून घेतो. कोंडीत सामान्य माणसाचे धान्य, वीज आणि औषध अडवले जाते, ते त्याच्या हालांमुळे राज्यकर्ता नमेल या हिशेबाने.

मराठी वाचकाला कोंडीचा हा हिशेब अपरिचित नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी गेलेले वीसहून अधिक सत्याग्रही पोर्तुगीजांच्या गोळीबारात मारले गेल्यानंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी आवळली. रेल्वे थांबली, मुंबईत राबणाऱ्या गोमंतकीयांनी घरी पाठवायच्या पैशांची वाट अडली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने मात्र जपान व पश्चिम जर्मनीला लोहखनिज विकून परदेशी माल आणला, कराचीशी विमानसेवा जोडली आणि आणखी सहा वर्षे काढली. पुण्यातून निघालेल्या ना. ग. गोरे, सेनापती बापट यांच्या तुकड्यांनी स्वतःच्या अंगावर लाठ्या घेतल्या, तर नाकेबंदीने क्लेश गोव्यातल्या घरांवर लोटले. दोन्हींचे उद्दिष्ट एक असले, तरी त्यांची नैतिक जात एक नव्हती.

परिणामवाद्यांचे म्हणणे असे, की ज्या उपायाने हुकूमशहा बदलत नाही तो उपाय करणाऱ्याच्या सद्सद्विवेकाला गोंजारण्यापलीकडे काही करत नाही. पण राष्ट्राध्यक्ष कैदेत असताना त्यांना कैद करणाऱ्यांच्या तिजोरीत पैसे भरत राहणे ही तटस्थता नसून मदतच असते, आणि म्हणून समर्थनाची जबाबदारी हात काढून घेणाऱ्यावर नव्हे, हात पुढे ठेवणाऱ्यावर येते. शिवाय परिणाम हीच एकमेव कसोटी मानली, तर सौम्य उपाय फसल्यावर कठोर उपाय आपोआप योग्य ठरतो, तोही फसल्यास त्याहून कठोर. म्हणजे व्यर्थ क्लेश टाळायला निघालेला युक्तिवाद शेवटी अंधाऱ्या दवाखान्याच्या दारात पोहोचतो. ऑगस्ट २०२३ मध्ये युनिसेफने वीज तुटल्यामुळे नायजरमधील लसींच्या शीतसाखळीला, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याच्या व्यवस्थेला, धोका असल्याचा इशारा दिला होता, तो याच अर्थाने लक्षात घ्यायला हवा.

परिणामवाद्यांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे : सरकारी तिजोरीला मिळणारा पैसा थांबला, की शिक्षकाचा पगार आणि दवाखान्याचा खर्चही अडतो, मग असहकार आणि कोंडी यांतले अंतर कितीसे उरते? ते अंतर मदतीच्या मार्गावर अवलंबून असते. हडपसर–मांजरी परिसरातील सीरम इन्स्टिट्यूटने जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही आरोग्यसंस्था यांच्या सहकार्याने तयार केलेली, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची मेनिन्जायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाची, लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजर या देशांत सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेली, आणि त्या पट्ट्यातून ‘ए’ गटाचा हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. हे तिन्ही देश आज लष्कराच्या हाती आहेत. अशा लसींचा पैसा मोठ्या प्रमाणावर ‘गावी’ या जागतिक लस-निधीतून येतो आणि त्यात युरोपीय सरकारांचा वाटा मोठा असतो. तेव्हा सेनापतीला पैसा नाकारून मुलाला लस देणे अशक्य नाही, फक्त त्यासाठी दोन वाटा आधीपासून वेगळ्या राखाव्या लागतात.

वसाहतवादी भूतकाळामुळे युरोपला बोलण्याचा अधिकारच नाही, हे मत युरोपच्या पापांची वसुली बाझूम यांच्याकडून करते. आणि सार्वभौमत्वाच्या कैवाऱ्यांना एवढेच सांगणे पुरे, की सार्वभौमत्वामुळे दुसऱ्याच्या खजिन्यावर हक्क मिळत नाही.

याचा अर्थ युरोप निर्दोष ठरतो असा नाही. इकोवासच्या कोंडीला त्याने उघड पाठिंबा दिला आणि स्वतःच्या कृतीतला फरक स्वतःच पुसला. उठावापूर्वीच्या सहकार्यातही स्वार्थ होता : नायजरमधील अगादेझ शहरामार्गे उत्तरेकडे जाणारे स्थलांतरित रोखणारा नायजरचा २०१५ चा कायदा युरोपच्या आग्रहाने आणि पैशाने उभा होता, आणि नव्या राजवटीने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. झिम्बाब्वेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मुगाबे व त्यांच्या सहकाऱ्यांवर २००२ पासून युरोपीय संघाचे निर्बंध होते; पण २०१३ मध्ये तेथील सरकारी खाण कंपनीचे नाव यादीतून वगळण्यात आले, त्यामागे अँटवर्पच्या हिरे-बाजारपेठेसाठी बेल्जियमने धरलेला आग्रह होता. स्वतःचे नुकसान दिसताच आटोपता घेतलेला असहकार हा असहकार नव्हे, ती सोय असते.

म्हणून कोणत्याही निर्बंधाला दोन प्रश्न विचारावेत : जे रोखले जात आहे ते रोखणाऱ्याचे स्वतःचे आहे का, आणि त्याची झळ प्रथम कोणाला बसते? पहिल्याचे उत्तर होकारार्थी असेल आणि झळ रोखणारा व राज्यकर्ता यांनाच बसत असेल, तर सेनापती तसूभर न हलताही ती कृती योग्यच राहते. आणि उत्तरे उलटी असतील, तर राजवट कोसळली तरी त्या यशाने कोंडीचा दोष धुऊन निघत नाही.