शंकासमाधान : नाताळच्या भेटी कमी केल्या तर?

प्रश्न : आम्ही वरसाव्याला राहतो. सासरचे सगळे खाडीपलीकडे, वसईत. नाताळच्या सकाळी पूल ओलांडून तिकडे जातो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. आखातातले दीर, माझा भाऊ, दोन्ही मुलांच्या धर्ममाता, ऑफिसातली मंडळी, सगळ्यांकडून भेटी येतात. गेल्या वर्षी मुलांनी भराभर कागद फाडले, खोकी बाजूला टाकली आणि चुलतभावाची रिमोटची गाडी आपल्यापेक्षा मोठी म्हणून थोरला रडत बसला. गोठ्याकडे दोघंही फिरकली नाहीत. यंदा भेटी कमी करायच्या असं आम्ही दोघांनी ठरवलंय. सासूबाई म्हणतात, 'सणासुदीला लेकरांचं मन मोडू नये, देवाला आवडायचं नाही.' शिवाय घराचा हप्ता चालू आहे, दिरांच्या तोडीचं देणं आम्हाला जमतही नाही. आमचं चुकतंय का? आणि सांताक्लॉज खरा आहे का, असं धाकटी विचारते. तिला काय सांगू?
— एक आई, वरसावे

उत्तर : तुमचं चुकत नाही. नाताळला मिस्सा चुकवू नये असं चर्च सांगतं, मुलांना खेळणी द्यावीत असं कुठेही सांगत नाही. भेटी ही प्रेमाची रीत आहे. माणसांनी घातलेली रीत माणसांना बदलता येते. तरीही सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. लेकरांचं मन मोडू नये, हे त्यांचं अगदी बरोबर आहे. पण गेल्या वर्षी इतक्या भेटी मिळूनही थोरल्याचं मन मोडलंच ना? ते कमी मिळाल्याने मोडलं नाही, शेजारच्या खोक्याशी तुलना झाली म्हणून मोडलं. खोकी जितकी जास्त, तितकी तुलना जास्त. हे त्यांना शांतपणे सांगा, त्यांना पटेल.

हप्त्याची लाज तर अजिबात नको. लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय काढून बघा. बाळ येशूला घेऊन योसेफ आणि मरिया यरुशलेमच्या मंदिरात गेले, तेव्हा त्यांनी पक्ष्यांच्या जोडीचं अर्पण केलं. मोशेच्या नियमशास्त्रात अशा वेळी कोकरू सांगितलं होतं. ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी होले किंवा पारवे. ज्या घराचा सण आपण करतो त्या घराने ऐपत ओळखूनच दिलं.

आता भेटी आवरायच्या कशा? मागी लोकांचं, म्हणजे तीन राजांचं, स्मरण ठेवा. ते सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आले, पण मत्तयच्या सांगण्याप्रमाणे ते बाळाच्या घरी आले, गव्हाणीपाशी नव्हे. चर्चच्या पंचांगातही त्यांचा सण 6 जानेवारीचा. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी जवळच्या रविवारी पाळतात. स्पेनमध्ये मुलांना मुख्य भेटी त्याच सुमारास मिळतात. गोव्यात कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतली तीन मुलं राजांचा वेष करून घोड्यावरून कुएलीच्या टेकडीवरच्या चॅपेलकडे निघतात, ती 6 जानेवारीलाच. नाताळकाळ 25 डिसेंबरला सुरू होतो, संपत नाही. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत तो चालतो. मग सगळ्या भेटी एकाच सकाळी मुलांपुढे कशाला ओतायच्या? 25 तारखेला आईवडिलांची एकच भेट द्या. काका, मामा, धर्ममाता यांच्या भेटी तीन राजांच्या सणाला उघडा, आणि त्याही एका घराकडून दोन्ही मुलांना मिळून एक. एकेक उघडली की देणाऱ्याला तिथल्या तिथे फोन लावायचा. काकाने काय दिलं हे त्या दिवशी मुलांच्या नीट लक्षात राहील. धर्ममातांना वेगळी विनंती करा : वस्तू नको, मुलासोबत एक दिवस घालवा. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी मुलाच्या श्रद्धेची जबाबदारी घेतली आहे. खेळणं देऊन ती पुरी होत नाही.

धाकटीने सरळ विचारलंय, तिला सरळच उत्तर द्या. लहानांशी सांताचा खेळ खेळण्यात मी पाप मानत नाही. पण मूल खरंखोटं विचारतं तेव्हा थाप मारू नये. नाहीतर उद्या गोठ्यातल्या बाळाची गोष्टही त्याला तशीच वाटू लागेल. तिला संत निकोलसची गोष्ट सांगा. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे ते बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं पैशावाचून अडली होती. निकोलसने रात्री गुपचूप त्या घरात पैशांच्या थैल्या टाकल्या, अशी जुनी आख्यायिका आहे. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून रात्री, आणि नाव न सांगता.

माझा सगळा आग्रह इथे आहे. मुलांना मिळणारं कमी कराल, तर मुलांच्या हातून देणं वाढवा. नुसतं कमी केलंत तर त्यांना ती शिक्षा वाटेल. निकोलसचा सण 6 डिसेंबरला, ऐन आगमनकाळात येतो. त्याच सुमाराला गोठ्याच्या हिरवळीसाठी ताटलीत नाचणी पेरतात, ते काम थोरल्याकडे द्या. कलकल करताना धाकटीला पीठ आणि काटा द्या. काट्याच्या पाठीवर गोळी दाबून वळवली की शिंपल्यासारख्या रेघा उठतात, सहा वर्षांच्या बोटांना ते छान जमतं. काही वाकडे होतील, होऊ द्या. मग करंज्या, कलकल, दोदोल यांची ताटं झाकून मुलांनाच शेजाऱ्यांच्या दारी पाठवा. दिवाळीचा फराळ ज्यांनी आणून दिला त्यांच्याकडे आधी. स्वतः वळलेलं दुसऱ्याच्या हातात देताना मुलाचा चेहरा कसा फुलतो, ते तुम्हालाच दिसेल.

एक मात्र टाळा. तुमच्या आसपास काजूपाडा, चेणे या भागांत आदिवासी वस्त्या आहेत. नाताळात जुनी खेळणी पिशवीत भरून तिकडे जायचं, वाटतानाचे फोटो काढायचे आणि परतायचं, हे मुलांना शिकवू नका. मोडकी गाडी तुमच्या मुलाला नको असेल तर ती तिथल्या मुलालाही नको असते. द्यायचंच असेल तर चांगलं, आवडतं, साफ केलेलं द्या. तुमच्या चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल मंडळी असतील, तर ज्यांना गरज आहे अशा घरापर्यंत ती नाव न सांगता पोहोचवतील.

हे सगळं दिरांना आणि जाऊबाईंना आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आत सांगा, तेही तुमच्या यजमानांना सांगू द्या. भावाने भावाला सांगितलेलं सलत नाही. आणि सासूबाईंना फोनवर कळवू नका, वसईला जाऊन त्यांच्याजवळ बसून सांगा. एकदा खरेदी झाली की मग कुणाला काही सांगण्यात अर्थ उरत नाही.