बेवारस देहाचे वारस

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात शिकणारी माझी नात पाठीच्या स्नायूंची उजळणी करीत बसली असता, तिच्या हातातल्या टॅबलेटवर जे दृश्य मी पाहिले ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही. पडद्यावर एक मनुष्याकृती पाठमोरी उभी होती. नातीने बोट फिरविताच तिची त्वचा नाहीशी झाली, पुन्हा फिरविताच मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत उतरलेला ट्रॅपेझियस दूर झाला, त्याखालचे ऱ्हॉम्बॉइड उघडे पडले, आणि ज्या स्नायूवर तिचे बोट टेकावे त्याचा उगम कोठे, तो जडतो कोठे, त्याला चेतना पुरविणारी नस कोणती व त्याचे कार्य काय, हे सारे शेजारच्या चौकटीत उमटत गेले. “हा देह कुणाचा गं?” मी विचारले. “कुणाचाच नाही, आजोबा,” ती म्हणाली, “मॉडेल आहे ते.”

तिचे उत्तर खोटे नव्हते. अशा बहुतेक आकृती चित्रकारांनी संगणकावर घडविलेल्या असतात, त्यांना ना जन्म ना मरण. परंतु अमुक स्नायू अमुक अस्थीच्या अमुक कडेलाच जडतो हे त्या चित्रकाराला कोणी सांगितले, असे विचारीत मागे जाऊ लागलो की एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात जात आपण अखेरीस एका मेजापाशी पोहोचतो आणि त्या मेजावर कोणीतरी निजलेले असते. ते कोण होते, तेथे स्वखुशीने आले होते काय, आणि त्यांच्यापासून जे ज्ञान आपल्याला मिळाले त्याचे काही देणे आपल्याकडे निघते काय, हा प्रश्न शरीरशास्त्राचा नसून धर्माचा आहे, असे मला वाटते.

आंतरजालावरील शरीररचनेच्या साधनांचा एक मोठा मूलस्रोत म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने हाती घेतलेला ‘व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्ट’ होय. त्यातील पुरुषदेह जोसेफ पॉल जर्निगन या एकोणचाळीस वर्षांच्या माणसाचा. चोरी करताना एका वृद्ध पहारेकऱ्याचा त्याने खून केला होता आणि त्या अपराधाबद्दल टेक्सास राज्यात ५ ऑगस्ट १९९३ रोजी विषाची सुई टोचून त्याला देहदंड देण्यात आला. तुरुंगातील धर्मोपदेशकाच्या सूचनेवरून त्याने आपला देह विज्ञानाला दिला होता. कोलोरॅडो विद्यापीठात तो देह गोठविण्यात आला, त्याचे चार भाग करण्यात आले, आणि मग माथ्यापासून तळपायापर्यंत एकेक मिलिमीटरचा थर यंत्राने घासून काढीत, प्रत्येक वेळी उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र घेत, एकूण १८७१ छेद टिपण्यात आले. घासलेला थर परत जोडता येत नाही. जसजसे चित्र पुरे होत गेले तसतसा देह संपत गेला. १९९४ साली ती चित्रे जगाला खुली झाली. पुढच्या वर्षी मेरीलँड राज्यातील एका एकोणसाठ वर्षांच्या स्त्रीच्या देहाचे ५००० हून अधिक छेद त्यांच्या जोडीला आले. तिचे नाव प्रसिद्ध करण्यात आलेले नाही. २०१९ पासून तर ही सामग्री वापरण्यास परवान्याचीही गरज उरलेली नाही.

हे वाचताना मला सुश्रुताच्या शारीरस्थानातील पाचवा अध्याय आठवला. सर्व अवयव शाबूत असलेला, विषाने किंवा दीर्घ व्याधीने न मेलेला देह निवडावा, त्याला मुंज, कुश, ताग अशांसारख्या तृणांनी वेष्टून पिंजऱ्यात ठेवावे, वाहत्या पाण्यात एकांतस्थळी सात रात्री कुजू द्यावे, आणि नंतर वाळा किंवा बांबू यांच्या कुंच्याने हलके हलके खरवडीत त्वचेपासून आरंभ करून आतबाहेरचे प्रत्येक अंग डोळ्यांनी पाहावे, असा विधी तेथे सांगितला आहे. शाखांत म्हणजे हातापायांत ४००, कोष्ठात म्हणजे धडात ६६ आणि मानेच्या वर ३४, अशा ५०० पेशी सुश्रुत मोजतो. (आज आपण ज्याला स्नायू म्हणतो त्याला तो पेशी म्हणतो, आणि त्याचा ‘स्नायु’ म्हणजे बंध किंवा कंडरा, शब्दांचीही अशी स्थलांतरे होत असतात.) कुंचा आणि यंत्र यांच्यात शतकांचे अंतर असले तरी क्रिया तीच: थर काढीत जाणे आणि पाहत जाणे. भेद इतकाच की सुश्रुताचा शिष्य नदीकाठी त्या देहाजवळ बसत असे, त्याचा गंध सोशीत असे, आणि हा एक मनुष्य होता हे क्षणभरही विसरणे त्याला शक्य नव्हते. पडद्यावरचा देह गंधहीन आहे, म्हणूनच तो कुणाचाच नाही असे वाटू लागते.

जर्निगनने देह दिला हे खरे, मग देणे कसले, असे कोणी म्हणेल. आपल्या धर्मशास्त्राने दानाचा विचार फार बारकाईने केला आहे. देश, काल व पात्र पाहावे, आणि देणाऱ्याने भयाने किंवा दडपणाखाली न देता स्वेच्छेने द्यावे, तरच ते दान. मृत्यूची तारीख मुक्रर झालेल्या कैद्याची इच्छा कितपत मोकळी असते? आणि आपला देह सहस्र छेदांच्या रूपाने जगभर पाहिला जाईल, विकृत कुतूहलानेही पाहिला जाईल, हे त्याला ठाऊक नव्हते. जे आपण काय देत आहोत हे न जाणता दिले गेले, ते संपूर्ण दान मानता येत नाही. घेणाऱ्याच्या खात्यावर त्याची काही बाकी राहतेच. त्याच्या हातून मेलेल्या वृद्धाला मी विसरलेलो नाही. परंतु अपराधाची सजा न्यायालयाने दिली आणि ती भोगून झाली. पाहणाऱ्या डोळ्यांचे देणे त्या सजेत वळते होत नाही.

याहून अवघड प्रकरण ज्यांनी काहीच दिले नाही त्यांचे. लंडनमध्ये १८५८ साली प्रसिद्ध झालेला हेन्री ग्रेचा शरीररचनेवरील ग्रंथ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाट दाखवीत आला. त्याची १९१८ ची अमेरिकन आवृत्ती स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे आज आंतरजालावर कोणालाही विनामूल्य पाहता येते, आणि स्नायूंचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्यासमोर तिच्यातील आकृती वारंवार येतात. मूळ ग्रंथातील चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर या तरुण डॉक्टरने काढली. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी कार्टर मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला आणि आयुष्याची तीस वर्षे त्याने याच प्रांतात काढली. धर्मनिष्ठ आणि स्वतःला सतत तपासणारा हा माणूस ज्या देहांवरून चित्रे काढीत होता ते कोणाचे होते? इंग्लंडच्या १८३२ च्या कायद्यान्वये, गरीबखान्यांत आणि इस्पितळांत मरण पावलेल्या ज्या गोरगरिबांवर हक्क सांगायला कोणी आले नाही, त्यांचे. मुंबई प्रांतात १९४९ साली झालेला कायदाही त्याच धर्तीचा आहे.

आपल्या दप्तरात अशा देहाला एक शब्द आहे: बेवारस. ज्याच्यावर दावा सांगणारा कोणी नाही तो. मला या शब्दापाशी थांबावेसे वाटते, कारण ज्याला जिवंतपणी कोणी विचारले नाही त्याचा देह बेवारस, त्या देहावरून काढलेल्या चित्राचा हक्क कालांतराने संपला म्हणून ते चित्रही बेवारस, आणि जे बेवारस ते कोणीही न्यावे व कोणाचे काही लागू नये, अशी ही परंपरा सरळ माझ्या नातीच्या हातातल्या पडद्यापर्यंत येऊन पोहोचते. कायदा या शब्दावर थांबतो. धर्म थांबतो काय?

येथे एक पूर्वपक्ष आहे आणि तो आपल्याच घरचा आहे. देह म्हणजे जुने वस्त्र, ते टाकून आत्मा निघून गेला. टाकलेल्या वस्त्राचे धागे कोणी मोजले तर त्यात कोणाचा अवमान? वेदान्ताचा हा विचार मला मान्य आहे. परंतु जो समाज देहाला वस्त्र म्हणतो तोच समाज त्या वस्त्राला स्नान घालतो, खांद्यावरून नेतो, अंत्येष्टीला संस्कारांत स्थान देतो आणि अस्थी वेचून तीर्थात सोडतो. यात विसंगती आहे असे मी पूर्वी समजत असे. आता समजत नाही. आपण तो मान मांसाला देत नाही, एका नात्याला देतो. आणि आत्मा निघून गेल्याने ज्याला मूल्य उरले नाही असे म्हणावे त्याच देहापासून पुढच्या शंभर रुग्णांचे खांदे बरे करण्याची विद्या मिळत असेल, तर घेणाऱ्याचे त्या देहाशी नाते जुळले आहे, हे नाकारता येणार नाही.

या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा व्हिएन्नात झाली. तेथील प्राध्यापक एडुआर्ड पेर्नकोफ याने अंशतः नाझी राजवटीत तयार करविलेली शरीररचनेची चित्रावली सूक्ष्मतेत अद्वितीय मानली जाते. १९९८ च्या चौकशीत निष्पन्न झाले की त्या काळात देहदंड दिलेल्या किमान १३७७ व्यक्तींचे देह तेथील शरीररचना विभागात आणले गेले होते. पुढे अमेरिकेतील एका शल्यचिकित्सिकेपुढे हा पेच उभा राहिला: नसांच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेत त्या चित्रांशिवाय पुढे जाता येईना आणि ती उघडावीशीही वाटेना. स्वतः नाझी छळछावणीतून वाचलेले रब्बी जोसेफ पोलाक यांनी २०१७ साली दिलेला निर्णय मला धर्मचिंतनाचा उत्तम नमुना वाटतो. मृतदेहापासून लाभ घेणे यहुदी धर्मशास्त्रात निषिद्ध आहे, तथापि प्राण वाचविण्याचे कर्तव्य त्या निषेधाहून वरचढ आहे. म्हणून चित्रे वापरावीत, पण ती कोठून आली हे संबंधितांना सांगितल्याशिवाय वापरू नयेत. वापराची परवानगी आणि सांगण्याची सक्ती त्यांनी एकमेकींपासून सोडविता येणार नाहीत अशी बांधली, आणि विस्मरणाचा मार्ग बंद केला.

आपल्याकडे ही बुद्धी परकी नाही. तर्पणाच्या विधीत पितरांची नावे-गोत्रे उच्चारून झाल्यावर, जे कोणी आपले आप्त नव्हते, ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही ओंजळ सोडली जाते. ज्याने हा विधी रचला त्याच्या दृष्टीने बेवारस असे कोणी नाहीच. ज्याच्या हातात पाणी आहे तो वारस. थायलंडमध्ये विच्छेदनासाठी आलेल्या देहाला विद्यार्थी ‘थोर गुरू’ म्हणतात आणि अभ्यास संपल्यावर त्याचे अंत्यसंस्कार आदराने करतात. आपल्याही अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या विच्छेदनापूर्वी देहाला वंदन करून प्रतिज्ञा घेण्याची प्रथा आता पडू लागली आहे, आणि स्वेच्छेने देहदानाचा अर्ज भरणारी माणसे महाराष्ट्रातल्या गावोगाव आहेत. परंतु जो केवळ पडद्यावर शिकतो, त्याच्यापुढे वंदन करायला मेज नाही की देह नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही तर त्याला कळणार कसे?

म्हणून शरीररचना शिकविणाऱ्या मराठी शिक्षकांना माझी विनंती आहे. पडद्यावरून शिकवाच, ज्या खेड्यातील मुलाला विच्छेदनाचे मेज कधी दिसले नसते त्यालाही आज सार्टोरियस मांडीवरून तिरपा कसा उतरतो हे दिसते, ही थोडी गोष्ट नव्हे. मात्र पहिल्या तासाला, पहिला स्नायू उघडण्याआधी, पाच मिनिटे काढा. टेक्सासच्या तुरुंगाचे नाव घ्या, लंडनच्या गरीबखान्यांचे घ्या, व्हिएन्नाचे घ्या, मुंबईच्या १९४९ च्या कायद्याचे घ्या. माझ्या नातीला मी हे सारे सांगितले. तिने वहीचे पहिले पान उघडून वर जर्निगन हे नाव लिहिले, त्याखाली ‘मेरीलँडची एक स्त्री’ असे लिहिले, आणि त्याखालची ओळ नाव नसलेल्यांसाठी कोरी सोडली.